गुरुवारची पाहुणी

देवाने दादाला गोड गळा दिला होता, गिटारवर फिरणारी बोटं दिली होती आणि कुणाचंही रडगाणं मान डोलावत ऐकून घेण्याची ताकद दिली होती. नकार देण्याची शक्ती तेवढी द्यायची राहून गेली होती. चर्चच्या मंडळीत तरुण संघाचा तो पूर्णवेळ सेवक. पूर्णवेळ म्हणजे नक्की किती वेळ, हे नेमणुकीच्या दिवशी त्याने विचारलं नाही आणि मंडळीनेही सांगितलं नाही. दोन्ही बाजूंनी आपापल्या परीने अर्थ लावला, आणि दोघांचाही अर्थ नेमका एकच निघाला. कुणाचं पोर परीक्षेत आपटलं, कुणाचं प्रेमात आपटलं, कुणी बापाशी भांडून जिन्यात बसलंय, की फोन दादाला. पोरांचा तो दादा, पोरांच्या आईबापांचाही दादाच, आणि त्यामुळे त्याची बायको ओघानेच सगळ्यांची वहिनी.

वहिनी इस्पितळात नर्स होती. तिचं बोलणं सुईसारखं होतं, टोचायचं तेव्हा कळायचं नाही, दुखायचं नंतर. एक दिवस सकाळी गणवेशाला इस्त्री करता करता तिने विषय काढला. त्यांना एकुलती एक मुलगी. तिचं शाळेचं शेवटचं वर्ष चालू होतं. परीक्षा झाली की ती पुढच्या शिक्षणासाठी दुसऱ्या गावी वसतिगृहात जाणार होती. वहिनीने विचारलं, की मुलीशी शेवटचं नीट कधी बोललात? दादा गिटारची तार बदलत होता. त्याने क्षणभर आठवून सांगितलं, की परवाच, रविवारी.

"रविवारी तुम्ही अख्ख्या मंडळीशी बोलत होतात," वहिनी म्हणाली. "त्या मंडळीत ती बसली होती."

हे दादाला लागलं. कुणाला वाटेल की त्याचं मुलीवर प्रेम नव्हतं, तर तसं मुळीच नाही. लहानपणी सराव चालू असताना ती गिटारच्या रिकाम्या पेटीत झोपायची आणि तो तिला तशीच पेटीसकट उचलून घरी आणायचा. ती उंच कधी झाली, हे मात्र त्याच्या लक्षात आलं नव्हतं. ती जाण्याआधी आठवड्यातली एक तरी संध्याकाळ आपली असावी, तिची आणि आपली, असं त्याला त्या दिवशी फार मनापासून वाटलं.

दुसरा कुणी असता तर उठून पाळकसाहेबांकडे गेला असता आणि म्हणाला असता, गुरुवारी संध्याकाळी मी घरी. पण गुरुवारी तरुण संघाची सभा. ती बुडवली तर पन्नास जण विचारणार, दादाला काय झालं, बरं नाही का, विश्वास डळमळला की काय. दादाने मग मंडळीत मुरलेल्या माणसालाच सुचेल असा मार्ग काढला. स्वतःला एक संध्याकाळ मिळावी म्हणून त्याने सगळ्या मंडळीलाच घरी बसवायचं ठरवलं.

योजनेचं नाव ठेवलं ‘घरची संध्याकाळ’. गुरुवारी चर्चला कुलूप, सगळ्या सभा बंद, प्रत्येक कुटुंबाने आपापल्या घरी एकत्र बसायचं, जेवायचं, बोलायचं, फोन खणात टाकायचे. पंचकमिटीत कधी नव्हे ते एकमत झालं. पाळकसाहेब खूश, कारण त्यांच्या गुरुवारच्या अभ्यासवर्गाला जी मोजकी माणसं यायची, त्यांतली निम्मी झोपायला यायची. खजिनदारसाहेबांचा तरुण संघावर राग होता, म्हणजे मुख्यतः ड्रमवर होता. एक दिवस तरी ड्रम गप्प बसणार म्हटल्यावर त्यांनी लगेच हात वर केला.

घोडं अडलं ते ऑर्गनवाल्या बाईंपाशी. बाई एकट्या राहायच्या, आणि गाणाऱ्यांत कोण कुठल्या सुरावर घसरतं ते त्यांना पाठ होतं.

"आणि ज्यांच्या घरी कुणीच नाही त्यांनी काय करायचं?" त्यांनी शांतपणे विचारलं. "भिंतीशी बोलायचं?"

दादाला भरून आलं. त्याने तिथल्या तिथे योजनेला पुस्ती जोडली. गुरुवारी कुणीही एकटं बसायचं नाही. ज्याच्या घरी कुणी नसेल त्याने बाईंना सांगायचं, बाई त्याला एखाद्या कुटुंबात पाहुणा म्हणून पाठवतील. एकदा गेलं की दर गुरुवारी त्याच घरी जायचं, आणि संध्याकाळ संपेपर्यंत पाहुण्याने मध्येच उठायचं नाही. बोलता बोलता दादाला आणखी जोर चढला. कुणाला कारण विचारायचं नाही, तो म्हणाला, माणूस एकटं आहे म्हणतंय ना, मग ते एकटं आहे. बाईंनी मान डोलावली. इतकी चांगली योजना आपल्याला आधी कशी सुचली नाही, असं सगळ्यांना वाटलं.

पहिल्या गुरुवारी वहिनीने एका सहकारी बाईच्या हातापाया पडून संध्याकाळची ड्यूटी बदलून घेतली आणि बदल्यात रविवार गळ्यात घेतला. मुलीने अभ्यास आटोपला. टेबलावर सूप आलं, पाव आला. मुलीने सांगितलं म्हणून दादाने प्रार्थना आखूड केली. अजून पावाचा तुकडा मोडायचा होता, एवढ्यात खणात ठेवलेला फोन थरथरायला लागला आणि त्याच्याबरोबर खणातले चमचेही वाजायला लागले. दोन-तीनदा वाजून थांबला आणि पुन्हा सुरू झाला. शेवटी दादाने उठून घेतला. पलीकडे एक बाप होता.

"दादा, आम्ही बसलोय सगळे," तो दबक्या आवाजात म्हणाला. "आता काय करायचं?"

दादाने सांगितलं, बोला. काय बोलायचं, असं त्या माणसाने विचारलं, आणि त्याचा प्रश्न प्रामाणिक होता. तो फोन ठेवतो न ठेवतो तोच दुसरा आला. एका घरात मुलगा न्हाणीघरात जाऊन कडी लावून बसला होता. एका घरात नवरा-बायकोच्या सभा आजवर वेगवेगळ्या वारी असायच्या आणि म्हणूनच संसार सुरळीत चालला होता, हे दोघांच्या एकाच वेळी ध्यानात आलं होतं. दादाने पायात बूट चढवले. पाच मिनिटांत येतो म्हणाला. दादाची पाच मिनिटं घरात सगळ्यांना माहीत होती, त्यामुळे त्याच्या सुपावर झाकण ठेवलं गेलं.

पुढच्या गुरुवारी तेच, त्याच्या पुढच्या गुरुवारीही तेच. बघता बघता गुरुवार हा दादाच्या आठवड्यातला सगळ्यात धावपळीचा दिवस झाला. दादा येऊन गेला की कशी घरची संध्याकाळ झाल्यासारखी वाटते, असं लोक म्हणायला लागले. काही घरांनी तर त्याच्यासाठी कायमची खुर्चीच मांडून ठेवली. तो कुठे मुलांना समजवायचा, कुठे आईबापांना समजवायचा, शेवटी गिटार काढायचा आणि एक गाणं म्हणवून घ्यायचा. सगळे एकत्र गायला लागले की त्याचे डोळे पाणवायचे. कुटुंब म्हणजे काय चीज असते, असं त्याला मनापासून वाटायचं, आणि मग तो पुढच्या कुटुंबाकडे पळायचा.

वहिनीने काही गुरुवार मुलीबरोबर त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत काढले. मग तिने बदलून घेतलेली ड्यूटी परत करून टाकली. तिथे निदान पेशंट जागेवर तरी सापडतात, ती म्हणाली. दादा तेव्हा बुटांच्या नाड्या बांधत होता. तो बरं म्हणाला. मुलगी आता मोठी आहे, तिला अभ्यास असतो, शांतता लागते, असं त्याने स्वतःला समजावलं. मुलीनेही कधी तक्रारीचा ब्र काढला नाही. हा तिचा समजूतदारपणा आहे असं दादाने धरलं, आणि तरुण संघात तिचं उदाहरणसुद्धा देऊन टाकलं. इकडे तिची परीक्षा जवळ येत चालली होती आणि पलंगाखाली नवी सूटकेस येऊन पडली होती. ती दिसली की येत्या गुरुवारी नक्की, असं तो म्हणायचा, आणि तसं त्याला खरंच वाटायचं.

अशाच एका गुरुवारी तो एक भांडण मिटवून दुसऱ्या भांडणाकडे निघाला होता. वाटेत बेकरीची गल्ली लागली. बेकरीवाले काका आणि काकू दुकानाच्या वरच्याच मजल्यावर राहायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं, पहाटेच्या भट्टीसाठी उठायचं म्हणून ती दोघं लवकर झोपायची, आणि त्यांनी दादाला कधीही फोन केला नव्हता. वरच्या खिडकीत दिवा होता. जिन्यावरून हसण्याचा आवाज येत होता, अगदी पोट धरून हसण्याचा. दादा दमलेला होता. ज्या घरात सगळं नीट चाललंय असं एक तरी घर डोळ्यांनी पाहावं, म्हणून तो जिना चढला.

काकांनी दार उघडलं. त्यांच्या भुवयांवर अजून पीठ होतं. आत टेबलावर सुपाचं पातेलं, कापलेला पाव, आणि पत्ते. काकू पत्त्यांआडून हसत होत्या आणि दाराकडे पाठ करून एक मुलगी बसली होती. दादा उंबऱ्यातच उभा राहिला.

"घर म्हणजे काय ते बघायचं असेल ना काका," तो आपल्या व्यासपीठावरच्या आवाजात म्हणाला, "तर सगळ्या मंडळीने इथे यावं."

काका ओशाळले. सगळं तुमच्या मुलीमुळे, असं काहीतरी ते पुटपुटले. दादा दोन पावलं पुढे आला तशी त्याची सावली टेबलावर पडली. मुलीने मान वळवली.

"बाबा, जरा बाजूला व्हा," ती म्हणाली. "उजेड अडतोय."

दादा बाजूला झाला. तू इथे कशी, असं त्याने विचारलं, पण त्याचं उत्तर काकूंनी दिलं. ऑर्गनवाल्या बाईंनी पाठवलं, त्या म्हणाल्या, गुरुवारी घरी एकटी असते म्हणून. दादाला ठाऊक असेलच असं त्या धरून चालल्या होत्या. दादाने मुलीकडे पाहिलं. मुलगी हातातली पानं लावत होती.

"चल, घरी जाऊ," तो म्हणाला.

"मध्येच उठायचं नाही असा नियम आहे. तुम्हीच केलाय."

तिच्या आवाजात राग असता तर दादाला बरं वाटलं असतं. रागावलेल्या मुलांना शांत करणं हाच त्याचा धंदा होता. पण ती रागावलेली नव्हती, ती खेळत होती. काकांनी कोपऱ्यातली खुर्ची ओढून टेबलाशी लावली आणि हाताने पुसली. सूप होतं, पाव होता, आणि पत्ते चौघांत वाटता येण्यासारखे होते. दादाने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, आणि त्याचा फोन वाजला.

पुढच्या घरातला मुलगा पिशवी भरून दारात उभा होता. त्याची आई फोनवर रडत होती. दादाने एकदा खुर्चीकडे पाहिलं, एकदा फोनकडे पाहिलं.

"दहा मिनिटांत आलो," तो म्हणाला. "माझी पानं वाटून ठेवा."

मुलीने मान वर केली नाही. काकूंनी मात्र बिचारीने खरंच चार जणांची पानं वाटली. पिशवीवाल्या मुलाची समजूत पटून त्याने पिशवी रिकामी करेपर्यंत बेकरीवरचा दिवा मालवला होता, आणि मुलगी ड्यूटीवरून परतणाऱ्या आईबरोबर घरी गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीच्या वेळी दादाने वहिनीला विचारलं, तुला हे माहीत होतं का? वहिनी म्हणाली, माहीत म्हणजे, ड्यूटीवर जाताना मीच तिला सोडते, वाटेतच तर आहे बेकरी.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगणार होते," वहिनी म्हणाली. "गुरुवारसाठी ठेवलं होतं."

दादाला तोंडात मारल्यासारखं झालं. तो मुलीकडे वळला. ती पावाला लोणी लावत होती. तिथे असं काय आहे जे इथे नाही, त्याने विचारलं. मुलीने प्रश्न मनावर घेतला. लोणी लावायचं थांबवून तिने विचार केला.

"तिथे माझ्यासाठी कुणी प्रार्थना करत नाही," ती म्हणाली. "नुसते बसतात माझ्याजवळ."

आता दादाचं काळीज खरोखर हललं. पण सवय फार वाईट. काळीज हलत असतानाच डोक्याच्या एका कोपऱ्यात त्याला वाटून गेलं, की रविवारचा संदेश सुरू करायला हे वाक्य झकास आहे. मुलीने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्याचं तिला लहानपणापासून सगळं कळायचं.

"हे रविवारी सांगायचं नाही," ती म्हणाली.

नाही सांगणार, दादा म्हणाला, आणि त्याने ते पाळलं. येत्या गुरुवारी कुणाचं घर पेटलं तरी आपण जायचं नाही, असंही त्याने ठरवून टाकलं. फक्त गुरुवारच्या आधी रविवार आडवा आला.

त्या रविवारी ‘घरच्या संध्याकाळी’बद्दल देवाचे आभार मानायचे होते. चर्च गच्च भरलं होतं. वहिनीची नेमकी पाळी आल्यामुळे ती इस्पितळात होती. दादा गिटार घेऊन वर उभा होता आणि मुलगी खिडकीशेजारच्या बाकावर बसली होती. पाळकसाहेबांनी साक्ष द्यायला, म्हणजे आपापला अनुभव उठून सगळ्यांपुढे सांगायला, सांगितलं. कुणाचा मुलगा आता न्हाणीघरातून लवकर बाहेर येत होता, कुणाचा नवरा आता घोरण्याआधी दोन वाक्यं बोलत होता. सगळ्यांनी दादाचे आभार मानले. मग बेकरीवाले काका उठले. काका आजवर चर्चमध्ये कधीही बोलले नव्हते. हातात कणीक नसली की आपल्या हातांचं करायचं काय, हे त्यांना कळत नव्हतं.

"आम्हाला लेकरू नाही," ते म्हणाले. "गुरुवारी आमच्याकडे एक लेकरू येतं. आमच्या घरात हसायला सुरुवात झाली." ते थांबले, घसा साफ केला आणि दादाकडे पाहिलं. "या माणसाची एकुलती एक मुलगी. ती आता जाणार. हाती राहिलेल्या सगळ्या संध्याकाळी त्याने आम्हाला देऊन टाकल्या. मला नसतं जमलं."

काका बसले. चर्चमध्ये नाकं ओढल्याचे आवाज आले. खजिनदारसाहेबांनी चक्क रुमाल काढला. आपण या बापाच्या त्यागाबद्दल प्रार्थना करू या, असं म्हणून पाळकसाहेबांनी हात उंचावले, आणि झाडून सगळ्या माना खाली गेल्या.

दादाने फक्त गप्प उभं राहायचं होतं. एक आमेन झालं असतं की सगळे गुरुवार धुऊन निघाले असते, वर इस्त्री करून परत मिळाले असते. एवढी स्वस्त क्षमा पाळकसाहेबांच्या हातून कधी कुणाला मिळाली नसेल. त्याने खिडकीकडे पाहिलं. सगळ्या मंडळीत एकच मान वर होती. मुलगी त्याच्याकडे बघत होती. रागाने नव्हे, नुसती बघत होती, की आता हे काय करतात. हे बघून घेऊन ती वसतिगृहात जाणार होती, आणि नंतर कितीही गुरुवार घरी बसलं तरी ते पुसता येणार नव्हतं, हे दादाला लख्ख कळलं.

"थांबा," तो माईकमध्ये म्हणाला. "मी काही दिलं नाही. मी तुमच्या घरी असायचो आणि ती आमच्या घरी एकटी असायची. म्हणून ती स्वतः बाईंकडे गेली. मला पत्तासुद्धा नव्हता."

दादा शरमेची वाट पाहत उभा राहिला. येऊ दे एकदाची, असं त्याला वाटत होतं. तेवढ्यात मागच्या बाकावरून एका आजीबाईंचा गहिवरलेला आवाज आला.

"किती नम्र आहे हो लेकरू."

आणि सगळीकडून आमेन झालं. पाळकसाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बघा, म्हणाले, केलेलं कसं झाकतोय. नाही हो, खरंच, दादा म्हणाला, मी फोन आला म्हणून उठून गेलो होतो, खुर्ची ओढून दिली होती तरी. यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो जितकं नाकारत गेला तितका मोठा होत गेला. इतकी वर्षं त्याने मंडळीत आपलं चांगलं नाव कमावलं होतं, आणि आता त्याचं खरं बोलणं त्या नावाखाली चिरडून गेलं होतं.

त्याने गिटार खाली ठेवली. पायऱ्या उतरून तो खिडकीशेजारच्या बाकापाशी आला. मुलगी थोडी आत सरकली. तो बसला.

"मी सांगितलं," तो हळू आवाजात म्हणाला. "कुणी ऐकूनच घेत नाही."

"मी ऐकलं," मुलगी म्हणाली.

मग दादाने विचारलं, गुरुवारी मी आलो तर चालेल का? घरी नव्हे, बेकरीवर. मुलीने सांगितलं, की काका-काकूंची हरकत नसेल, पण आधी ऑर्गनवाल्या बाईंना सांगावं लागेल.

"काय सांगू?"

"एकटे आहात म्हणून." तिने पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. "आहात ना?"

दादाने होकारार्थी मान हलवली.

वर पाळकसाहेब शेवटच्या गीतासाठी दादाला शोधत होते. गिटार जागेवर होती आणि माणूस नव्हता. एकेक करून माना खिडकीकडे वळल्या. बोलावतायत तुम्हाला, मुलगी म्हणाली. दादा हो म्हणाला आणि बाकाची कड घट्ट धरून बसून राहिला. ऑर्गनवाल्या बाईंनी जरा वाट पाहिली, चष्म्यावरून त्या बाकाकडे एकदा पाहिलं, आणि गीताला स्वतःच सुरुवात केली. पट्टी अंमळ वरचीच लागली, पण सगळ्या मंडळीला तिथेच गावं लागलं.